थांबायला जागा लागते

(सामुदायिक रेडिओवर झालेलं हे भाषण. बोलण्याची पद्धत तशीच ठेवली आहे. गटाच्या बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. शेवटी दिलेला खेळ सगळ्यांनी मिळून करून पाहावा.)

मैत्रिणींनो, कुणी भाकरी थापत असाल, कुणी धार काढायला बसला असाल, कुणी खुरपणीला निघाला असाल. हात चालू द्या, कान तेवढे इकडं द्या.

आज मी माझ्या थोरल्या जावेची गोष्ट सांगणार आहे. तिला विचारूनच सांगते आहे. ती म्हणाली, "सांग की. चार बायांच्या कामी आली तर बरंच आहे."

चार वर्षं झाली त्याला. नागपंचमीला ती माहेरी निघाली होती. भावजी मोटारसायकल चालवत होते, ही मागं एका बाजूला पाय सोडून बसलेली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातानं डोक्यावरचा पदर धरलेला. गाडी काही फार पळत नव्हती, तीसच्या आतच होती. वाटेत एका गावात शाळेजवळ स्पीडब्रेकर होता. त्यावर पांढरे पट्टे नव्हते, त्यामुळं भावजींना तो ऐन वेळी दिसला. गाडी उडाली, खाली आली, पुढं गेली. दहावीस पावलं गेल्यावर भावजींना गाडी हलकी लागली. वळून बघतात तर ही मागं रस्त्यावर उताणी पडलेली.

रक्ताचा थेंब आला नव्हता. उठून बसली, म्हणाली, "काही नाही झालं." मग उलटी झाली. दवाखान्यात नेलं. डोक्याच्या मागच्या बाजूला मुका मार होता. सहा दिवस तिथं राहून घरी आली. आम्ही सगळ्यांनी नारळ फोडला. वाटलं, वाचली, संपलं.

महिनाभरानं मी त्यांच्या घरी गेले तर अंगणापर्यंत करपलेल्या दुधाचा वास. आत बघते तर जाऊबाई चुलीशेजारीच बसून तांदूळ निवडत होत्या. पातेलं काळं पडलेलं, आणि त्यांना पत्ता नाही. तेव्हा आम्हाला कळलं की त्यांचा वास गेला. डॉक्टर म्हणाले, थोडाफार परत येईल किंवा येणारही नाही. आला नाही. आता फोडणी जळाली तरी त्यांना कळत नाही, दूध नासलं तरी कळत नाही. घरात गॅस आहे, पण सिलिंडर गळायला लागला तर काय, म्हणून एकट्या असल्या की त्या गॅस लावत नाहीत. आणि गेल्या वर्षी नातू झाला. त्याची टाळू भरताना मला म्हणाल्या, "सगळं जाऊ दे गं. तान्ह्या लेकराच्या टाळूचा वास येत नाही मला."

त्यांची धाकटी मुलगी, माझी पुतणी, तेव्हा नववीत होती. तिनं मला दोन प्रश्न विचारले. "काकू, गाडी हळू होती, कुठं धडकली पण नाही. मग आई पडली कशी? आणि मार डोक्याच्या मागं लागला, तर नाकाचं काय गेलं?" मी सातवी शिकलेली. मला काय सांगता येणार? पण नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'गतीचे नियम' नावाचा धडा आहे. तो आम्ही दोघींनी मिळून वाचला. ती पुस्तकातले शब्द सांगायची, मी घरातली उदाहरणं शोधायची. त्यातून जे समजलं ते आज तुम्हाला सांगते.

हंड्यातलं पाणी काय शिकवतं

भरलेला हंडा डोक्यावर घेऊन तुम्ही एकदम चालायला लागलात, तर पाणी कुठं सांडतं? मागं, पाठीवर. आणि चालता चालता एकदम थांबलात तर? पुढं, तोंडावर. म्हणून आपण सुरुवात हळू करतो आणि थांबतोही हळू. हे आपल्याला आईनं शिकवलं, शाळेनं नव्हे.

यामागचं कारण असं. उभ्या असलेल्या वस्तूला उभंच राहायचं असतं, आणि चालत्या वस्तूला त्याच वेगानं, त्याच दिशेनं चालतच राहायचं असतं. कुणी बाहेरून ढकललं, ओढलं, अडवलं, तरच त्यात बदल होतो. वस्तूच्या या हट्टाला पुस्तकात जडत्व म्हणतात, आणि ढकलण्या-ओढण्याला बल म्हणतात. हंडा पुढं निघाला, पण आतलं पाणी जागेवरच राहू पाहत होतं, म्हणून ते मागं पडलं. हंडा थांबला, पण पाणी चालतच राहिलं, म्हणून ते पुढं आलं.

गोधडी झटकताना आपण हेच करतो. गोधडी झटक्यानं हलते, धूळ जागेवर राहते, म्हणून ती सुटून पडते. जात्याचंही तसंच. पहिला फेरा ओढताना खांदा दुखतो, एकदा तळी फिरायला लागली की हात नुसता सोबत ठेवायचा. हात सोडला तरी ती थोडी फिरते आणि मग थांबते. का थांबते? दाणे आणि दगड एकमेकांवर घासतात म्हणून. या घासण्याला घर्षण म्हणतात. लोकांना पूर्वी वाटायचं की ढकलणं थांबलं म्हणून वस्तू थांबते. खरं म्हणजे घर्षण तिला अडवतं म्हणून ती थांबते. अडवणारं काहीच नसतं तर ती थांबलीच नसती.

हे आधी इटलीत गॅलिलिओनं उतरणीवरून गोळे सोडून सोडून ओळखलं. पुढं इंग्लंडमधल्या न्यूटननं ते तीन नियमांत बसवलं. न्यूटन शेतकऱ्याच्या घरचा. जन्माआधीच बाप वारला, आईनं दुसरं लग्न केलं, आणि पोराला आजीनं वाढवलं. मोठा झाल्यावर आईला वाटायचं यानं शेती बघावी, पण याचं लक्ष शेतात नसायचं. त्याचं गतीच्या नियमांचं पुस्तक १६८७ साली छापलं गेलं. आज कारखान्यातली यंत्रं असोत नाहीतर आपली एसटी, सगळ्यांचा हिशेब त्याच नियमांवर होतो.

मग जाऊबाई पडल्या कशा

आता पुतणीचा पहिला प्रश्न घेऊ. गाडी स्पीडब्रेकरवर चढली तेव्हा सीटनं जाऊबाईंना वर ढकललं. पुढच्याच क्षणी गाडी खाली आली. पण जाऊबाईंचं अंग वर निघालेलं होतं, ते वरच जात राहिलं. सीट आणि त्या यांच्यात वीतभर अंतर पडलं. तेवढा वेळ त्या हवेत होत्या, गाडीशी त्यांचा काही संबंध उरला नाही. आणि स्पीडब्रेकर ओलांडला म्हणून भावजींनी त्याच वेळी गाडीला रेस दिली. गाडीचा वेग वाढला, जाऊबाईंचा होता तोच राहिला. गाडी खालून पुढं निघून गेली. हंड्यातलं पाणी मागं सांडतं, तशा त्या मागं पडल्या.

त्यांना गाडीबरोबर नेणारं तिथं काय होतं? हातानं काही धरलं नव्हतं. पाय दोन्ही एका बाजूला, पकड नाही. उरलं फक्त सीटचं आणि साडीचं घर्षण. गुळगुळीत रेक्झिनची सीट आणि वर सिंथेटिक साडी, म्हणजे तेही नावापुरतंच. त्यातून सीटला अंग टेकलेलंच नव्हतं, तर घर्षण कुठलं असणार?

वळणावरही असंच होतं. राखणीला गोफण फिरवली असेल तर तुम्हाला माहीत आहे. दगड गोल फिरतो, कारण दोरी त्याला सारखी आत ओढत असते. दोरीचं टोक सोडलं की दगड सरळ सुटतो, गोल जात नाही. गाडी वळते तेव्हा आपलंही अंग सरळच जाऊ पाहतं. हाताची आणि पायाची पकड हीच आपली दोरी. ती नसेल तर गाडी वळेल आणि आपण सरळ जाऊ. म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करायचा असतो, वळणात शिरल्यावर नव्हे. आणि वळणावर वाळू किंवा उसाचं पाचट सांडलेलं असेल तर चाकाची दोरीही सुटते, कारण टायर आणि रस्ता यांच्यातलं घर्षण जातं.

आणि "गाडी हळूच होती" याचं काय? डोकं जमिनीपासून सव्वा मीटर उंच आहे असं धरू. तिथून नुसतं खाली पडलं तरी जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी १८ किलोमीटर झालेला असतो. हा वेग पडण्याचा आहे, गाडीचा नव्हे. गाडी अगदी बैलगाडीच्या चालीनं जात असली तरी तो तेवढाच राहतो. म्हणून "जवळच तर जायचंय, हळूच तर जायचंय" हे बोलणं डोक्याच्या कामाचं नाही.

ओझं गुणिले वेग

आपण गटाच्या वहीत व्याज काढतो. नुसती मुद्दल बघून व्याज कळत नाही, नुसता दर बघूनही कळत नाही. दोन्हींचा गुणाकार करावा लागतो. चालत्या वस्तूचा जोरही तसाच काढायचा असतो. वस्तूचं वजन आणि तिचा वेग यांचा गुणाकार करायचा. पुस्तकात वजनाला इथं वस्तुमान म्हणतात, आणि या गुणाकाराला संवेग.

चला, हिशेब मांडू. हातगाडीवर १०० किलोचं ज्वारीचं पोतं आहे आणि ती चालीनं, ताशी ४ किलोमीटरनं चालली आहे. शंभर चोक चारशे. मोटारसायकल आणि तिच्यावरची तीन माणसं मिळून ३०० किलो, वेग ताशी ४०. झाले १२,०००. आता ट्रॅक्टर आणि उसानं भरलेली ट्रॉली मिळून १० टन, म्हणजे १०,००० किलो धरू. वेग फक्त १५. झाले १,५०,०००. हळू चाललेल्या ट्रॅक्टरचा जोर पळणाऱ्या मोटारसायकलच्या साडेबारा पट निघाला. जे हळू चाललं आहे ते लगेच थांबेल, असं डोळ्यांना वाटतं. गुणाकार वेगळंच सांगतो.

आता ही वही बंद करायची, म्हणजे तो सगळा संवेग शून्यावर आणायचा, तर कुणीतरी तो फेडायला लागतो. कर्ज हप्त्याहप्त्यानं फेडलं तर हप्ता लहान बसतो. एकरकमी फेडायचं म्हटलं तर कंबर मोडते. थांबण्याचंही अगदी तसंच आहे. थांबायला वेळ आणि जागा मिळाली तर मार थोडा थोडा बसतो. नाही मिळाली तर सगळा एकदम बसतो. आजच्या बोलण्यातलं एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी पुरे: थांबायला जागा लागते.

विटा झेलणाऱ्या बाईला हे माहीत असतं

बांधकामावर गेलेल्या बायांनी विटा झेलल्या असतील. खालून वीट येते तेव्हा हात ताठ धरतो का आपण? नाही. वीट हाताला लागली की हात तिच्याबरोबर थोडे मागं नेतो आणि मग थांबवतो. हात ताठ ठेवले तर बोटं सोलतात. वीट तीच, वेग तोच. फरक एवढाच की मागं नेलेल्या हातांनी विटेला थांबायला वीतभर जागा दिली.

कडब्याच्या गंजीवरून पोरं खाली भुसात उड्या मारतात आणि हसत उठतात. तीच उडी फरशीवर मारली तर पाय मोडतो. भूस दबतं, जागा देतं. फरशी देत नाही. जितक्या जोरानं आपण फरशीला आपटतो, तितक्याच जोरानं फरशी आपल्याला उलट मारते. हा न्यूटनचा तिसरा नियम. रस्त्याला दया येत नाही, पण तो दुष्टही नाही. आपण दिलेलंच तो परत देतो.

आता हेल्मेट. पुष्कळ जणींना वाटतं, हेल्मेट म्हणजे वरचं कडक टोपडं. ते टोपडं टोकदार वस्तू आत घुसू देत नाही आणि मार एका जागी न ठेवता पसरवतं, हे खरं. पण मोठं काम आतल्या थर्माकोलसारख्या जाड थराचं असतं. डोकं आपटलं की तो थर चेपतो. चेपता चेपता डोक्याला थांबायला बोट-दोन बोटं जागा देतो. उघडं डोकं डांबरावर आपटलं तर जागा किती मिळते? ज्वारीच्या एकदोन दाण्यांएवढी. थांबायची जागा पाचपट झाली की मार पाचव्या हिश्श्यावर येतो. बोट-दोन बोटं जागा, एवढंच हेल्मेट आपल्याला देतं. माझ्या जावेला तेवढी जागा मिळाली नाही.

म्हणूनच मोठा आपटा बसलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नये. वरून चांगलं दिसतं, पण आतला थर एकदा चेपला की परत फुगत नाही. आणि हनुवटीखालचा पट्टा लावला नाही तर डोकं जमिनीला लागायच्या आधीच हेल्मेट निघून जातं. रस्त्याच्या कडेला मिळणारं पातळ टोपडं घेऊ नका, त्यात तो थरच नसतो. २०२१ पासून दुचाकीचं हेल्मेट आयएसआय खुणेशिवाय विकायला बंदी आहे. ती खूण बघूनच घ्या.

नाकाचं काय गेलं

पुतणीचा दुसरा प्रश्न. डॉक्टरांनी सांगितलेलं आणि पुस्तकातलं जुळवल्यावर त्याचं उत्तर मिळालं.

आपला मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो. तो मऊ असतो आणि पाण्यासारख्या द्रवात असतो. हंड्यातल्या पाण्याचा नियम त्यालाही लागू. कवटी रस्त्यावर आपटून जागच्या जागी थांबली. आतला मेंदू मात्र थांबला नाही, तो त्याच वेगानं चालतच राहिला आणि आत हेलकावला. आता नाकाच्या वर, कवटीच्या तळाला एक बारीक हाड असतं. पिठाच्या चाळणीसारखी त्याला भोकं असतात. वास ओळखणारे बारीक धागे त्या भोकांतून वर जाऊन मेंदूला जोडलेले असतात. मेंदू हेलकावला की ते धागे ताणले जातात आणि तुटतात. मार मागं बसला आणि वास पुढचा गेला, तो असा.

बाहेर रक्त आलं नाही म्हणून काही झालं नाही असं समजू नका, ते याचसाठी. डोकं आपटल्यावर उलटी झाली, डोकं खूप दुखत राहिलं, गुंगी आली, बोलणं अडखळलं, नाकाकानातून पाणी किंवा रक्त आलं, माणूस थोडा वेळ जरी बेशुद्ध झाला, तर घरी कांदा हुंगवत बसू नका. लगेच दवाखाना गाठा. १०८ नंबरला फोन केला की रुग्णवाहिका येते.

मांडीवरचं लेकरू

हा भाग आयांनी आणि आज्यांनी नीट ऐकावा. जीपमध्ये, वडापमध्ये, गाडीवर आपण लेकरू मांडीवर घेतो. मनात म्हणतो, माझ्या मिठीत आहे, मी कशाला सोडते? पुतणीनं मला याचा हिशेब करून दाखवला, त्या रात्री मला झोप लागली नाही.

लेकरू १० किलोचं. गाडी ताशी ३६ किलोमीटरनं चालली आहे, म्हणजे सेकंदाला १० मीटर. गाडी कशाला तरी धडकली आणि सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली. तेवढ्याच वेळात तुम्हाला लेकराला थांबवायचं आहे. त्याला लागणारा जोर किती? १०० किलोचं पोतं उचलून धरायला लागतो तेवढा. तेही चुटकी वाजवायला लागतो त्याहून कमी वेळात, सावध नसताना. मैत्रिणींनो, क्विंटलभराचं पोतं अंगावर आल्यावर आपली मिठी टिकते का? आईची माया कमी पडत नाही, आईचे हात कमी पडतात. आणि तुम्ही स्वतः पट्टा लावलेला नसेल तर तुमचंही अंग मागून त्या लेकरावर जातं.

म्हणून चारचाकीत मागं बसलात तरी पट्टा लावा. दुचाकीवर चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, मागं बसणाऱ्या बाईलासुद्धा, कायद्यानं हेल्मेट लागतं. लेकरू चार वर्षांच्या आतलं असेल तर २०२३ पासून नियम असा आहे: त्याला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांवरच्या लेकराला त्याच्या मापाचं हेल्मेट हवं, आणि गाडीचा वेग चाळीसच्या वर जाता कामा नये.

ट्रॉलीमागचा जोर

हंगाम सुरू झाला की रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी भरतात. जत्रेला, लग्नालाही आपण ट्रॉलीत बसून जातो. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. ब्रेक असतो तो पुढच्या ट्रॅक्टरला. म्हणजे दहा टनांचा संवेग फेडायचा ट्रॅक्टरच्या चाकांनी, आणि मागचं ओझं त्याला ढकलतच असतं. उतारावर तर जास्तच. एकाऐवजी दोन ट्रॉल्या जोडल्या की हप्ता आणखी वाढतो.

वेगाचंही एक गणित आहे. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर लागणारी जागा दुप्पट होत नाही, चौपट होते. चांगल्या कोरड्या डांबरी रस्त्यावर मोटारसायकल ताशी वीसला असेल तर ब्रेक लागल्यावर अडीच-तीन मीटरमध्ये थांबते. चाळीसला असेल तर दहा-अकरा मीटर लागतात. शिवाय समोरचं दिसून ब्रेक दाबेपर्यंत एखादा सेकंद जातो, त्यात चाळीसच्या वेगानं आणखी अकरा मीटर गेलेले असतात. म्हणजे वीसेक मीटर झाले. पावसात किंवा टायर गुळगुळीत झाला असेल तर त्याहून जास्त. अंधारात उभ्या असलेल्या ट्रॉलीला मागं लाल चकाकणारी पट्टी नसेल, तर मागच्या गाडीला थांबायला जागाच उरत नाही.

ट्रॉली ही माल वाहायची आहे, माणसं वाहायची नव्हे. उसाच्या मोळ्यांवर बसलेल्या बाईला धरायला काही नसतं. वळणावर गोफणीतला दगड होते ती. ऊसतोडीला जाणाऱ्या बाया काही हौसेनं वर बसत नाहीत, हे मला माहीत आहे. म्हणून हे एकट्या बाईनं बोलायचं काम नाही. मुकादमाकडं आणि कारखान्याकडं माणसांसाठी वेगळी गाडी मागायची ती गटानं, सगळ्यांच्या सह्या घेऊन.

मग करायचं काय

आमच्या गटानं बैठकीत ठरवून काही गोष्टी वहीत लिहिल्या. तुम्हीही लिहा.

एक. शक्य असेल तेव्हा दुचाकीवर दोन्हीकडं पाय टाकून बसायचं. आपल्या आज्या काष्ट्याच्या नऊवारीत घोड्यावरही अशाच बसायच्या. सहावारी आली आणि आपण एका बाजूला गेलो. लांब जायचं असेल तर पंजाबी ड्रेस घालायला कुणी नाव ठेवू नये. आमच्याकडं सासवांनीच तसा ठराव केला.

दोन. एका बाजूला बसावंच लागलं, तर एक हात सीटमागच्या कडीला आणि दुसरा चालवणाऱ्याच्या कंबरेला. पिशवी गाडीला बांधायची, हातात नाही. पदर कंबरेला खोचायचा.

तीन. हाताला धरायची कडी, पाय ठेवायची जागा आणि मागच्या चाकाजवळची जाळी नियमानं गाडीला असावीच लागते. शोभेसाठी जाळी काढून टाकली असेल तर परत बसवून घ्यायची. फिरत्या चाकात पदर गेला की चाक तो सोडत नाही.

चार. मागं बसणारीला तोंड आहे. "स्पीडब्रेकर आला, हळू घ्या", "वळण आलं", "मी नीट बसल्याशिवाय निघू नका" हे बोलायचं. त्यात मान-अपमान काही नाही.

पाच. चालत्या एसटीतून, जीपमधून उतरायचं नाही. पाय जमिनीवर थांबतात, अंग थांबत नाही.

सहा. घरात दोन हेल्मेट. एक चालवणाऱ्याचं, एक मागच्याचं. आमच्या गटानं हेल्मेटसाठी अंतर्गत कर्ज द्यायचं ठरवलं. कुणी म्हणालं, हे काही कमाईचं कारण नव्हे. तर एक म्हातारी म्हणाली, "डोकं शाबूत राहिलं तर कमाई."

सात. शाळेजवळच्या स्पीडब्रेकरवर पांढरे पट्टे मारावेत, असा अर्ज ग्रामसभेत द्यायचा. आमच्या गावात दिला आणि पट्टे झाले.

बैठकीतला खेळ

आता जाता जाता एक खेळ. एका अंड्याचा खर्च आहे. दोघींनी जुनी चादर उभी धरा, दोन हातांत दोन टोकं, थोडी सैल. खालची कड दुमडून वर धरा, म्हणजे झोळी होईल. तिसरीनं कच्चं अंडं चादरीच्या मधोमध जोरात फेकायचं. अगदी रागानं फेका. अंडं फुटत नाही. चादर मागं जाते, अंड्याला थांबायला जागा देते आणि अंडं अलगद झोळीत पडतं. मग तेच अंडं वीतभर उंचीवरून फरशीवर सोडून बघा. खाली ताट ठेवा, म्हणजे ऑम्लेट तरी होईल.

आमच्या बैठकीत अंडं फेकायला जाऊबाईच उठल्या. चांगल्या जोरात फेकलं. अंडं फुटलं नाही तेव्हा सगळ्या हसल्या, त्याही हसल्या. मग त्यांनी ते अंडं हातात घेतलं, फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, "एवढीशी चादर लागली असती बघ."

पंचमीला त्या अजूनही माहेरी जातात. भावजीच नेतात, त्याच गाडीवर. आता दोघांच्या डोक्यावर हेल्मेट असतं, आणि बसल्या की त्यांचा एक हात कडीला असतो. निघायच्या आधी पुतणी दारात उभी राहून ओरडते, "आई, पट्टा!" आणि जाऊबाई हनुवटीखाली हात लावून दाखवतात.

मैत्रिणींनो, तुमच्या घरातही कुणीतरी दारात उभं राहून असं ओरडायला हवं. नसेल तर आजपासून तुम्ही ओरडा.